जिथे मार, तिथे रबर

टक्, असा आवाज करून कॉटच्या कठड्याची शेवटची खिट्टी निसटली. दुपारच्या शांततेत तो आवाज एवढा मोठा वाटला की मी आतल्या खोलीकडे पाहिलं. माझी मिहिका कूस बदलून पुन्हा झोपी गेली.

"काय तोडू राहिली व ताई?" स्वयंपाकघरातून, मिहिकाला सांभाळणाऱ्या कोकिळामावशींनी दबक्या आवाजात विचारलं. "पोर उठंल ना."

"तोडत नाहीये, सोडवतेय. फैजपूरला पाठवायचाय ना कॉट."

माझ्या नणंदेचे दिवस भरत आले होते. मिहिका चार वर्षांची झाली, तिचे पाय कॉटच्या बाहेर यायला लागले, म्हणून मी तो कॉट तिकडे द्यायचं ठरवलं होतं. मावशी हात पुसत दारात आल्या. भरताची वांगी भाजल्याचा वास त्यांच्या पदराला होता. माझ्या हातातल्या पेचकसाकडे बघून म्हणाल्या, "डावरी ती डावरीच. तुझ्या हातात स्क्रू पण उलटा फिरत असंल."

"चार वर्षं हेच म्हणताय मावशी."

"चार वर्षं तू पोळी पण उलटीच लाटू राहिली ना."

त्या हसत आत गेल्या. कठडा पुसून ठेवावा म्हणून मी ओलं फडकं घेतलं. आडव्या दांड्यावरून हात फिरवताना मधोमध बोट अडलं. बाकीचा दांडा काचेसारखा गुळगुळीत होता, पण मधे वीतभर जागेची तकाकी जाऊन ती मंद झाली होती, खोडरबरासारखी बोट धरून ठेवणारी.

मी फडकं खाली ठेवलं. दुसऱ्या कोणाला तो नुसता जुनाटपणा वाटला असता. कॉट ज्या साहित्याचा होता ते बनवणाऱ्यांपैकी मी एक होते, त्यामुळे ती जागा काय सांगते ते मला कळत होतं. कळलं, आणि तिथेच फरशीवर बसले.

*

त्या साहित्याला आमच्या कारखान्यात 'सोशिक' म्हणतात. पेटंटवर लांबलचक नाव आहे, पण ते कोणी घेत नाही.

प्लास्टिक आणि रबर एकमेकांत मिसळत नाहीत. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत चटया आणि पाइप बनवणाऱ्या कोणालाही हे माहीत असतं. दोन्ही वितळवून एकत्र ढवळले तरी पाण्यातल्या तेलासारखे रबराचे थेंब वेगळेच राहतात. थेंब मोठे राहिले तर थंड झाल्यावर भाकरीचा पापुद्रा सुटावा तसे थर सुटतात. पण थेंब बारीक झाले, अगदी धुळीच्या कणाहून बारीक, तर गंमत होते. बादली आपटली की तडा का जातो? कारण भेग एकदा सुटली की सरळ धावत जाते, तिला वाटेत कोणी अडवत नाही. रबराचे थेंब असले तर भेग पहिल्या थेंबाशी येते, थबकते, फाटे फुटून दुसऱ्या थेंबाशी जाते, तिथे आणखी थकते, आणि विरते. प्लास्टिकच्या समुद्रात रबराची बेटं असतील तर वस्तू कडक, पण चिवट. रबर वाढवत नेलं तर एका टप्प्यावर सगळं उलटतं, रबराचा समुद्र होतो आणि प्लास्टिकची बेटं, आणि तीच वस्तू चपलेच्या तळव्यासारखी वाकायला लागते. प्रमाण आणि थेंबाचा आकार, सगळा खेळ या दोन गोष्टींचा.

थेंब बारीक ठेवायला मध्यस्थ लागतो. एक टोक प्लास्टिकशी जमणारं, दुसरं रबराशी. सोयरीक जुळवणाऱ्या माणसासारखा रेणू. असे रेणू जुनेच आहेत. आम्ही शोधला त्याचं वेगळेपण एवढंच, की जोराचा धक्का बसला की तो क्षणभर हात सोडायचा आणि लगेच पुन्हा धरायचा. त्या क्षणात रबराचा थेंब जरासा सरकायचा, धक्क्याच्या दिशेने. असे धक्के बसत गेले की ठोकर लागणाऱ्या जागी रबर जमत जायचं आणि ती जागा आपोआप चिवट व्हायची. तडवीभाऊ, आमच्या प्रयोगशाळेतले सर्वांत जुने तंत्रज्ञ, एका वाक्यात सांगायचे: "जिथे मार, तिथे रबर."

जुने टायर आणि फेकलेल्या बादल्या, यातून ते बनायचं. आठ वर्षांत शाळेचे बाक, हेल्मेट, बसच्या सीट, बाळांचे कॉट, सगळं सोशिकाचं झालं. जिल्ह्यातले टायरचे डोंगर संपले. सत्कार झाले.

मग एका बाकाचा तुकडा कापून पाहताना तडवीभाऊंना त्यात बुटाची टाच दिसली. तीन वर्षं एकाच मुलाने एकाच जागी लाथ मारली होती आणि ती टाच रबराच्या थेंबांनी जशीच्या तशी रेखली गेली होती. साहित्य मार सोसत होतं, आणि सोसलेलं जपूनही ठेवत होतं. थेंब हळूहळू एकमेकांत मिसळून मोठे होतात, साबणाचे बुडबुडे होतात तसे, त्यामुळे त्यांच्या आकारावरून मार कधी बसला तेही सांगता यायला लागलं. दिवस नाही, पण महिना नक्की.

पुढचं व्हायचं ते झालं. अपघाताच्या खटल्यात हेल्मेट साक्ष द्यायला लागलं. पाळणाघरातले कॉट तपासले जाऊ लागले. कायदा झाला: बाळाच्या वस्तूत हाताचा जोरकस ठसा सापडला तर तपासणाऱ्याने तीन दिवसांत नोंद करायची. नोंद आईबापाच्या नावावर झाली तर सहा महिने मूल त्यांच्याजवळ एकटं ठेवायचं नाही. सांभाळणाऱ्या बाईच्या नावावर झाली तर तिचा परवाना थांबवायचा. 'जोरकस' म्हणजे किती, तो उंबरठा ठरवणाऱ्या समितीत मीही होते. बाळाला उचलताना कठड्यावर रेललं, झोका दिला, मोठं मूल चढलं, तरी मध्यस्थ रेणू हात सोडत नाही, इतका तो उंबरठा वर आहे. हे मीच बैठकीत मांडलं होतं.

म्हणून त्या मंद जागेवर बोट ठेवून मी फरशीवर बसून राहिले. आत वांग्यावर फोडणी पडली. मिहिका उठली आणि पहिली हाक तिने मारली ती मला नाही. "कोकी," म्हणाली. नेहमीसारखीच.

*

सोमवारी दांड्याला खाच पाडून काढलेला तुकडा पर्समध्ये घालून मी प्रयोगशाळेत गेले. तडवीभाऊ यावलला भाचीच्या लग्नाला गेले होते, गुरुवारपर्यंत यायचे नव्हते. थांबायला हवं होतं. मी थांबले नाही.

कठड्याच्या आतल्या बाजूची, म्हणजे बाळाकडच्या बाजूची पट्टी घेतली. यंत्राच्या चाकूने तिचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढले. काप पाण्यावर तरंगतात, ते काचेवर उचलून घ्यायचे, मग रंग द्यायचा, म्हणजे रबर काळं दिसतं आणि प्लास्टिक पांढरं. हे काम मी विद्यार्थिदशेत केलेलं. काप नीट आले.

पडद्यावर आधी नुसता ढग दिसला. मग मी चित्र लहान केलं आणि ढगाचे चार भाग झाले.

चार बोटं. शेजारीशेजारी, तर्जनीपासून करंगळीपर्यंत. कठडा वरून धरून गदागदा हलवला की बोटं जिथे रुततात, बरोबर तिथे. थेंबांचे थर मोजले. अकरा. अकरा वेळा कोणीतरी हा कठडा उंबरठ्यापलीकडच्या जोराने हलवला होता, आणि आत माझं बाळ होतं.

थेंबांच्या आकारावरून महिना निघाला. साडेतीन वर्षांपूर्वीचा मे. मिहिका सात महिन्यांची.

मी उठून हात धुतले. पुन्हा बसले. बोटांचा क्रम पाहिला. तर्जनी डावीकडे, करंगळी उजवीकडे. कॉटसमोर उभं राहून असा ठसा फक्त उजव्या हाताचाच उमटतो.

कल्पेशला, माझ्या नवऱ्याला, फोन लावला. तो तेव्हा कामानिमित्त सुरतला होता. मी एका दमात सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "त्या मेमध्ये मी दहेजच्या प्लांटवर होतो. पूर्ण महिना."

"माहीत आहे."

"म्हणजे घरात तुम्ही दोघीच."

"हात उजवा आहे, कल्पेश."

"हं. ऋतुजा, पण मावशी? मिहूला ताप होता तेव्हा रात्रभर पायाशी बसली होती ती बाई. तुला नक्की खात्री आहे?"

"मी माणसांवर विश्वास ठेवून बसले होते इतके दिवस. काच खोटं बोलत नाही."

हे वाक्य मी तेव्हा बोलले. ते आता आठवलं की तोंड कडू होतं.

नोंदीचा अर्ज भरायला सात मिनिटं लागली. सांभाळणाऱ्या व्यक्तीचं नाव: कोकिळा रामदास बाविस्कर.

*

त्यांना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं, मिहिका बालवाडीत असताना. समोर बसवून, छापलेलं चित्र टेबलावर ठेवून. मनात वाक्यं जुळवून ठेवली होती, ती सगळी एकापाठोपाठ एक बोलले. मावशींनी चित्राकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर राग येईल, रडू येईल, निदान आश्चर्य तरी, असं मला वाटलं होतं. त्यातलं काही आलं नाही. त्या फक्त खूप वेळ बघत राहिल्या, एखाद्या तापलेल्या पोराकडे बघावं तसं.

"हे काच सांगते?"

"हो."

"अकरा वेळा?"

"हो, मावशी. बोला ना काहीतरी. नाही म्हणा."

त्यांनी चित्र उलटं करून ठेवलं. "दुसऱ्या कोणाचं नाव नाही ना गेलं त्यात? माझंच एकटीचं?"

"तुमचंच."

"मग बरंय."

मला ते निर्लज्जपणाचं वाटलं. मी उठून उभी राहिले. "बरंय? सात महिन्यांची होती ती."

"दात येऊ राहिले होते तिला," मावशी म्हणाल्या. "लई रडायची. दुपारची तर लईच." मग त्या उठल्या, स्वयंपाकघरात जाऊन आपला डबा घेतला, खुंटीवरची पिशवी घेतली. दाराशी चपला घालताना म्हणाल्या, "भरीत फ्रीजमध्ये आहे. कळण्याची भाकरी तिला कोरडी देऊ नको, ठसका लागतो. आणि ताप आला तर पट्टी कपाळावर ठेव, पायावर नको."

दार त्यांनी अगदी हळू लावलं. घरात मूल झोपलेलं असल्यासारखं.

संध्याकाळी मिहिकाने तीनदा विचारलं, कोकी कुठे गेली. गावाला, म्हटलं. कोणत्या गावाला, तिने विचारलं. मी नशिराबाद म्हटलं, जे तोंडात आलं ते. बुधवारी तिने दूध प्यायलं नाही. म्हणाली, तू साय काढलीच नाहीस. मी साय काढली. म्हणाली, आता थंड झालं.

*

गुरुवारी तडवीभाऊ आले. लग्नातले लाडू डब्यात घालून आणले होते. सगळ्यांना वाटून झाल्यावर माझ्या टेबलाशी आले, चित्र बघितलं, चष्मा वर केला.

"कोणाचा कॉट?"

"माझ्याच घरचा."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही, मला बरं वाटलं. चित्र बराच वेळ न्याहाळलं. मग म्हणाले, "कान कुठंय?"

"काय?"

"नमुन्याचा कान, मॅडम."

आमच्याकडे एक रीत आहे, तडवीभाऊंनी घातलेली. पुस्तकात ती नाही. पट्टी चाकूखाली घेण्याआधी तिचा उजवीकडचा वरचा कोपरा तिरका छाटायचा. त्याला ते 'कान कापणे' म्हणतात. कारण काप पाण्यावर तरंगतात, आणि पाण्यावर कापाला वरची बाजू न् खालची बाजू नसते. काचेवर उचलताना तो पालथा येतो की सुलटा, हे डोळ्यांनी कळत नाही. पालथा आला तर चित्र आरशातल्यासारखं डावं-उजवं उलटतं. कान असला की कळतं. नवीन आलेल्या प्रत्येकाला ते पहिल्या दिवशी हेच शिकवतात. मलाही शिकवलं होतं, बारा वर्षांपूर्वी. आणि त्यानंतर माझे काप तेच काढायचे, त्यामुळे कान कापणं हे माझ्या हातांना कधी ठाऊकच झालं नाही.

"मी कापला नाही," मी म्हणाले.

"मग हा हात डावा की उजवा, ते कसं सांगितलंत?"

मी छापलेलं चित्र उजेडासमोर धरून पालथ्या बाजूने पाहिलं.

"पट्टी उरलीय ना?" तडवीभाऊंचा आवाज फार मऊ झाला होता. "आणा इकडे. बसा तुम्ही. पाणी प्या."

त्यांनी कान कापला. चाकू लावला. काप पाण्यावर उतरले, त्यांनी एकेक उचलला, सुलटा करून काचेवर घेतला. रंग चढायला वीस मिनिटं लागतात. ती वीस मिनिटं मी त्यांच्या लाडवाच्या डब्याकडे बघत बसले होते. डब्यावर कोणा मुलीने चिकटवलेलं चमकीचं फूल होतं. एक पाकळी सुटली होती.

पडद्यावर तेच चार ढग आले. कान उजवीकडे वर, जागच्या जागी. आणि तर्जनी उजवीकडे होती. करंगळी डावीकडे.

तडवीभाऊंनी चित्र खऱ्या मापाचं करून कागदावर छापलं, माझ्यासमोर ठेवलं, आणि लाडवाचा डबा घेऊन बाहेर निघून गेले. त्यांना माहीत होतं. आमच्याकडे पेन डाव्या हातात धरणारी मी एकटीच.

मी हात कागदावर ठेवला. डावा. बोटं जिथे जायची तिथे गेली.

*

मला एक दुपार आठवते.

कल्पेश दहेजला. मी दोनला घरी यायचे, मावशी दोनला जायच्या. वीज गेलेली, मे महिना, जळगावचा. मिहिका रडत होती. हिरड्या सुजलेल्या, औषध ओकून टाकलेलं, मांडीवर घ्या, खांद्यावर घ्या, काही नको. मी तिला कॉटमध्ये ठेवलं आणि कठडा धरून झोका दिला. हे मला आठवतं. झोका दिला. पुढचं आठवतं ते असं, की दारात मावशी उभ्या आहेत. डबा विसरला म्हणून परत आल्या होत्या. त्यांनी माझा हात कठड्यावरून सोडवला, एकेक बोट करून, आणि म्हणाल्या, "जा ताई, चहा ठेव. मी बघते." मी चहा ठेवला. दूध नासलं होतं ते आठवतं. मिहिका गप्प झाली होती ते आठवतं, आणि मला केवढं हायसं वाटलं होतं ते.

त्या दिवसापासून मावशी दोनऐवजी सहाला जायला लागल्या. पैसे वाढवून मागितले नाहीत. मला वाटलं, पोरीचा लळा लागला.

मला एक दुपार आठवते. काच अकरा सांगते.

बाकीच्या दहा मी कुठे ठेवल्या? मी डोळे मिटून शोधलं. मिहिकाचा पहिला दात सापडला, पहिलं पाऊल सापडलं, ती पहिल्यांदा 'आई' नाही, 'आय्यी' म्हणाली ते सापडलं. त्या दहा सापडल्या नाहीत. ज्या हाताने तिला भरवलं, तेल लावलं, तिच्या नखांना घाबरत घाबरत कात्री लावली, तो हात समोर कागदावर पडला होता. दुसऱ्याच कोणाचा तरी वाटत होता.

*

मावशी पिंप्राळ्यात दोन खोल्यांत राहतात. मी गेले तेव्हा ओट्यावर बसून कोणाचे तरी पापड लाटत होत्या. मला बघून थोडं सरकल्या, जागा केली.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"हं."

"मग बोलला का नाहीत? मी तुम्हाला काय काय बोलले मावशी."

"बोलली खरी." त्यांनी लाटणं थांबवलं नाही. "पण मी नाही म्हटलं असतं तर तू दुसरं कोण ते शोधलं असतं. तू शोधल्याशिवाय राहत नाही, मला माहीत आहे ना. मग सापडलं असतं. मग ते लोक येऊन म्हणाले असते, पोरीला आईजवळ ठेवू नका. काय व माय, असा कायदा असतो का?"

"तो मीच करायला लावला."

"मग तुझंच चुकलं." मावशी जराशा हसल्या. मी हसले नाही तेव्हा त्यांनी लाटणं ठेवलं. "ऐक. माझं वय झालं. परवाना गेला तर गेला, पापड आहेत. तू तो कागद आहे तसाच ठेव. लाटलेला पापड परत गोळा होत नाही."

"लोक तुमच्याकडे बोट दाखवतील. या गल्लीत कोणी तुमच्याजवळ मूल देणार नाही."

समोरच्या घरातली बाई दारात आली होती. तिने आमच्याकडे पाहिलं आणि अंगणात खेळणाऱ्या लहान पोराला दंडाला धरून आत नेलं. मावशींनी ते पाहिलं. मीही पाहिलं. नोंदीची बातमी तीन दिवसांतच इथवर पोचली होती.

"रोज असंच का?"

"लाटू दे मला," मावशी म्हणाल्या. "वाळायला पाहिजे ऊन आहे तोवर."

मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकले. त्यांनी पाय मागे घेतले. "हाताला पीठ लागंल," म्हणाल्या, आणि स्वतःच्या मनगटाने माझ्या कपाळावरचे केस मागे सारले.

*

शुक्रवारी कल्पेश आला. त्याला फोनवरच सांगितलं होतं. तो बॅग दारात ठेवून तसाच उभा राहिला, मग म्हणाला, "त्या महिन्यात तू रोज फोनवर म्हणायचीस, सगळं ठीक आहे. मी दोनदा विचारायचो का? एकदाच विचारायचो." एवढंच. बाकी आम्ही दोघांनी मिळून अर्ज वाचला. सुधारित नोंद. जुन्या नावावर रेघ, नवीन नाव, कारण. कारणाच्या चौकटीत मी लिहिलं: नमुन्याचा कान कापलेला नव्हता.

"सहा महिने," कल्पेश म्हणाला. "तिसरं माणूस लागेल घरात. सतत."

"मावशी येतात का विचारू. परवाना परत मिळाला की."

"येतील?"

"माहीत नाही."

अर्ज पाठवण्याआधी मला मिहिकाशी बोलायचं होतं. ती चार वर्षांची आहे, तिला काय कळणार, असं कल्पेशने म्हटलं नाही, त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. अर्ज गेला की सोमवारी चौकशीला कोणीतरी अनोळखी बाई घरी येऊन तिला प्रश्न विचारणार होती. ते तिला माझ्याकडून आधी कळायला हवं होतं.

ती सोडवलेल्या कॉटच्या गजांचा रस्ता करून त्यावर बाहुलीला चालवत होती. मी शेजारी बसले. दांडा दोघींच्या मधे ठेवला, कापलेल्या जागेला खाच पडलेला.

"मिहू, कोकी गावाला गेली नाहीये. आईने तिला चुकून रागावून पाठवलं. कोकीने काहीच केलं नव्हतं."

"मग कोणी केलं?"

"आईने. तू छोटं बाळ होतीस, तेव्हा आईने तुझा कॉट खूप जोरात हलवला."

"झोका?"

"झोका नाही. रागाने."

तिने बाहुली थांबवली. "मी पडले?"

"नाही."

"मी काय केलं होतं?"

"काही नाही, सोन्या. तुला दात येत होते. तू रडत होतीस."

तिने जीभ दातांवरून फिरवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मोजल्यासारखी. मग दांडा ओढून घेतला आणि त्या मंद जागेवर आपलं बोट ठेवलं. बोट अडलं. तिने पुन्हा फिरवून पाहिलं, पुन्हा अडलं.

"मला आठवत नाही," ती म्हणाली.

"हो. तू खूप लहान होतीस."

"तुला आठवतं?"

"एका वेळचं आठवतं."

"आणि याला?"

"याला सगळं आठवतं."

ती दांड्यावर वाकली, कान लावावा तशी. गाल त्या जागेवर टेकवून थोडा वेळ तशीच राहिली. मग मान न उचलताच, माझ्याकडे तिरकं बघत तिने विचारलं, "तेव्हा मला भीती वाटली होती का गं, आई?"